बाटलीची उंची

२१ जुलै २००३, हिंगोली

आज परत तेच. कनेरगाव नाक्याचे धाबेवाले, उजवा डोळा. मोतीबिंदूचे तीन तुकडे सरळ निघाले. चौथा सुईच्या तोंडाला अडकला, मशीनचा सूर चढत गेला, तुकडा फट्कन आत ओढला गेला आणि त्याच क्षणी डोळ्याचा पुढचा भाग चपटा. मागची कॅप्सूल, म्हणजे भिंगाच्या पिशवीची मागची बाजू, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ती उसळून सुईच्या तोंडाशी आली आणि फाटली.

मशीन बाजूला केली. छेद वाढवला, टाके घातले, कृत्रिम भिंग कसंबसं पुढच्या बाजूला बसवलं. दिसेल त्यांना. पण जिथं सात दिवसांत काम व्हायचं तिथं आता दोन महिने. बाहेर येऊन त्यांच्या मुलाला सांगितलं, थोडी तकलीफ झाली. तो म्हणाला, "मशीननं केलं ना पन?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते. मशीननंच केलं.

हात धुताना स्टुलाला लाथ घातली. अंगठा सुजलाय.


२३ जुलै

याडीचा निरोप, भावाच्या मुलाबरोबर. पोळ्यानंतर डोळा करू या, पेरणीची धांदल संपू दे. म्हणजे तिनं ठरवूनच टाकलंय. आईला कोण नाही म्हणणार.

तिचा डावा डोळा लहानपणीच गेला. ज्वारी काढताना कणसाचं कुसळ गेलं, तांड्यावर कुणी काय काय घातलं त्यात, डोळा पांढरा झाला. उरला उजवा. त्यात आता मोतीबिंदू. गेल्या वर्षापासून तिनं कापडावर आरसे लावायचं काम सोडलंय, सुईत दोरा जात नाही म्हणून.

सु. जेवताना म्हणाली, हातानं करा ना त्यांचं. कॅम्पात शेकड्यांनी केलेत तसं. मी म्हटलं, मग मशीन कशाला घेतली? ती म्हणाली, तेच विचारतेय. यावर मी ताट तसंच ठेवून उठलो. बायको शाळेत गणित शिकवते, घरीही सोडत नाही.


२ ऑगस्ट

मला वाटतं वोल्टेज. सकाळी अकराला शहरातली चक्की चालू झाली की ओ.टी.तला दिवा पिवळा पडतो. मशीनच्या पंपात चार रूळ फिरतात, ते नळीला दाबत दाबत पाणी ओढतात. करंट डुगडुगला तर रूळ डुगडुगणार, ओढ डुगडुगणार. सरळ आहे.

मोठा स्टॅबिलायझर आणून लावला. आज दोन केसेस. पहिली ठीक. दुसरीत परत उसळी. कॅप्सूल वाचली, नशीब तिचं आणि माझं.

म्हणजे वोल्टेज नाही. किंवा फक्त वोल्टेज नाही. हे दुसरं जास्त वाईट.


११ ऑगस्ट

कंपनीचा इंजिनियर औरंगाबादहून आला. दीड महिन्यानं. पांढरा शर्ट, लॅपटॉप, ओ.टी.त शिरताना चपला काढायच्या हे खि. सिस्टरनी सांगावं लागलं. (खिल्लारे सिस्टर. त्या नसत्या तर हे हॉस्पिटल केव्हाच बंद पडलं असतं.)

त्यानं सुईच्या टोकाला रबराची टोपी लावली, पाणी भरलं, पंप चालवला. पडद्यावरचा आकडा आणि त्याच्या मीटरवरचा आकडा तंतोतंत. दहा वेळा केलं त्यानं. दहाही वेळा तंतोतंत. मग मागे टेकून म्हणाला, सर, मशीनमें प्रॉब्लेम नहीं है. मी विचारलं, मग कशात आहे? त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.

रबराच्या टोपीत मोतीबिंदूचा तुकडा अडकत नाही आणि फट्कन सुटत नाही, हे त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, बस पकडायची आहे.


२७ ऑगस्ट, पोळा

तांड्यावर. बैल सजले, माणसं प्यायली, नेहमीचं. याडी ओट्यावर बसून बायांना सांगत होती. (ती आमच्या बोलीत बोलते. मी मराठीतच उतरवतो. आमची बोली देवनागरीत लिहिली की मलाच वाचता येत नाही.) "माझ्या पोरानं मशीन आनलीय. सुई येवढ्याशा छिद्रातून घालतो, मोतीबिंदू दळून पानी करतो आन् पिऊन टाकतो." कोण पितो, पोरगा की मशीन, असं एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या. याडीही हसली.

मग चाचपडत माझा दंड धरला. काहून लांबवून राहिला, म्हणाली. मी म्हटलं, दसऱ्यानंतर करू. पावसाळ्यात जंतू जास्त.

जंतू बारा महिने सारखेच असतात.


९ सप्टेंबर

नळ्या!

आज साफसफाईच्या वेळी जुनी नळी हातात घेतली आणि चिमटीत दाबली. मऊ. उकडलेल्या शेवयीसारखी. आपण ती प्रत्येक केसनंतर वाफेच्या भांड्यात घालून परत वापरतो, सगळेच वापरतात, नांदेडलाही वापरतात. पण मऊ नळी ओढ लागली की आत चपटी होते, तुकडा सुटला की फुगते, आणि फुगताना डोळ्यातलं पाणी क्षणभरात खेचते. मीटरवर यातलं काहीच दिसत नाही.

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन केला. नवे संच एस.टी. पार्सलनं पाठवतो म्हणाले. किती? दोन. फक्त दोन? हे मॉडेल आता बंद झालंय, सर.

बंद झालेलं मॉडेल. ही वापरलेली मशीन मला विकणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, जिल्ह्यातली पहिली मशीन म्हणून छाती फुगवून बसलो होतो. छातीतली हवा कुणी खेचली नाही तेव्हा.


१८ सप्टें.

नव्या नळीवर केस. कापडवाले मारवाडी, तरुण, मधुमेहाचा मोतीबिंदू. काय केस झाली! पुढचा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत टम्म. तुकडा अडकला, सुटला, काहीही नाही, पाण्याचा थेंबही हलला नाही. मशीन मांजरीसारखी गुरगुरत होती. खि. सि. म्हणाल्या, "सर, आज तुमी शिट्टी वाजवली." मला आठवत नाही.

लगेच दुसरी केस, त्याच नळीवर. बाळापूरच्या आजी. उसळी. दोनदा.

तीच नळी. तेच आकडे. तोच हात. डोकं फुटायची वेळ आली.


१९ सप्टें.

सापडलं. लिहिताना हसू येतंय आणि रडूही.

कापडवाल्यांचा डबा आणि माणसं घरून आली होती, पण अंथरूण आलं नव्हतं. ते नुसत्या टेबलावर झोपले. बाळापूरच्या आजी आपल्या गोधडीवर झोपल्या. आपल्याकडे सगळेच म्हातारे गोधडी आणतात. लोखंडी टेबल थंड लागतं, पाठ टेकत नाही, आणि परक्याच्या चादरीवर माणूस मेलेलं असतं अशी समजूत. शेखमामू, आमच्या ओ.टी.चे सगळं काही, प्रेमानं त्या गोधडीची घडी डोक्याखालीही घालतात. कुणी दोन आणतं. बाळापूरच्या आजींनी तर सुनेचीही आणली होती. धुतलेल्या असतात, वरून हिरवं कापड असतं, मला काय दिसणार?

बाटलीतलं पाणी डोळ्यात जातं ते नुसतं उंचीवर. बाटली डोळ्याच्या जितकी वर, तितका दाब. स्टँडवर मी लाल पट्टी चिकटवून ठेवलीय, बाटली इथं. ती पट्टी मोजली होती नुसत्या टेबलावरून. गोधडीवर डोळा वर येतो, आणि बाटली आहे तिथंच. म्हातारा जितका लाडका, तितक्या गोधड्या, तितका दाब कमी!

मी पट्टी जमिनीपासून मोजत राहिलो आणि मोजायचं होतं डोळ्यापासून. बारावीच्या पोराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. सु.ला सांगितलं नाही.

मामूंना सांगितलं, उद्यापासून गोधडी नाही. मामू म्हणाले, "साब, बुढे लोगां डर जाते." मग ठरलं, गोधडी गुडघ्याखाली. डोक्याखाली काही नाही.


२६ सप्टें.

गोधडी काढली, नवी नळी, स्टॅबिलायझर. मऊ मोतीबिंदू आता ठीक होतात. कडक मोतीबिंदूत उसळी अजून आहे. कमी, पण आहे.

बाटली वर न्यावी तर स्टँड संपतो. पंख्याच्या हुकाला दोरी बांधून बाटली टांगली. आता पंखा नाही. सप्टेंबरातली हिंगोली, पंखा नाही, अंगावर दोन गाऊन. डोळा चांगला फुगलेला राहिला, पण इतका की बुबुळाचा पडदा फडफडायला लागला आणि पेशंट म्हणाले, आतून ताण पडतोय. कमी केलं तर चपटं, वाढवलं तर ताण. मधली जागा आहे तरी किती रुंद? नखाएवढी. ती प्रत्येक डोळ्याला वेगळी.

पंप ओढतो, बाटली भरते. हे दोन बराबर राहायला हवेत, बस. इतकंच मागतोय मी. बैलजोडीतला एक पुढं आणि एक मागं अशी गाडी कुणी हाकेल का?


५ ऑक्टो., दसरा

याडी हिंगोलीत. दसऱ्याची गर्दी बघायला आली असं म्हणते. काय दिसलं, विचारलं तर म्हणाली, आवाज मस्त होता.

दुपारी हॉस्पिटलात नेऊन तपासली. पोळ्याला मोतीबिंदू पिवळा होता, आता तपकिरी. मध्ये जवळजवळ काळपट. कडक. मी लांबवतोय आणि तो तिकडं वाळतोय. जो मशीननं करायला सगळ्यात अवघड तोच मी हातानं तयार करून राहिलोय.

तिनं स्लिट लॅम्पवरून हनुवटी काढली आणि म्हणाली, "पिकला?" मी म्हटलं, हो. "मग उतरव की." जणू आंबा.

मशीनला मामूंनी झेंडूचा हार घातला होता. तिनं तो चाचपून पाहिला, हार नीट केला, मशीनच्या कडेवरून हात फिरवला. "गार हाय," म्हणाली.


१४ ऑक्टो.

नांदेडच्या मीटिंगला गेलो होतो. चहाच्या वेळी एकजण म्हणाला की मासे ठेवायच्या काचेच्या पेटीत हवा सोडायचा जो छोटा पंप असतो तो बाटलीला जोडतात काही लोक. हवा बाटलीत दाबते, पाणी जोरात येतं, उंचीचं बंधन नाही. मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत.

स्टेशनजवळच्या दुकानातून घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, कुठले मासे? मी म्हटलं, अजून ठरलं नाही.


१७ ऑक्टो.

मामूंनी खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणले. संध्याकाळी ओ.टी.त नाही, मागच्या खोलीत. हवा गाळायला मध्ये जंतू अडवणारी जाळी बसवली, पंप बाटलीला जोडला, मशीन लावली.

बकऱ्याच्या डोळ्यात उसळी नाही! मुद्दाम नळी चिमटली, सोडली. नाही. परत. नाही. मामू टाळी वाजवणार होते, हातात डोळा होता म्हणून थांबले. खि. सि. म्हणाल्या, "सर, पन बकरं बोलत न्हाई. त्याला ताण पडला का कसं कळायचं?" 

बरोबर आहे. पंपावर कुठलाही आकडा नाही. एक बटन, चालू आणि बंद. किती दाब जातोय हे माशांना कळत असेल, मला नाही.


२० ऑक्टो.

माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा. नाक्याचेच एक मास्तर, मोतीबिंदू मध्यम. सुरेख चाललं होतं. सुरेख. तिसऱ्या तुकड्याला लाइट गेली. मशीन इन्व्हर्टरवर, ती चालूच. माशांचा पंप भिंतीच्या प्लगवर. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. बाटलीचा जोर गेला, मशीनची ओढ तशीच, डोळा खाली बसला. पाय पेडलवरून काढला, वेळेत. कॅप्सूल शाबूत.

मास्तर बाहेर जाताना म्हणाले, किती शांत वाटलं. माझ्या गाऊनमधून घाम गळत होता.

दोन्ही इन्व्हर्टरच्या एका बोर्डावर आणले. म्हणजे आता बंद पडले तर दोघं बरोबर.


२ नोव्हें.

दिवाळी झाली. तांड्यावर याडीनं पाय टाकला तो शेळीच्या पिलावर. पिलू मेलं नाही, ती पडली. मनगट सुजलं. ओट्यावर बसून स्वतःलाच शिव्या देत होती, मग पिलाला, मग पिलाच्या आईला.

सु. मनगटाला पट्टी बांधून आली आणि माझ्यासमोर बसली.

मी म्हटलं, याच महिन्यात. तिनं विचारलं, मशीननं? मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघायचं त्यांना आहे."


९ नोव्हें.

या आठवड्यात मशीनवर चार कडक मोतीबिंदू, मुद्दाम निवडून. दुसरी नवी नळी काढली, शेवटची. गोधडी नाही. पंख्याचा हुक. माशांचा पंप. वोल्टेज बघत खि. सि. स्वतः उभ्या. 

पहिला, उत्तम. दुसरा, उत्तम. तिसरा, उत्तम. मला वाटलं, झालं. आता उद्याच याडीला बोलावतो असं म्हणालोसुद्धा.

चौथ्यात उसळी. लहानशी. कॅप्सूल सुईला शिवली आणि परत गेली. फाटली नाही. कुणालाही कळलं नाही, फक्त मला आणि मायक्रोस्कोपला.

चारांत एक. दोन डोळे असतील तर चारांत एक चालेल की नाही यावर भांडता येईल. एकच असेल तर भांडायचं कशावर?

का झालं? माहीत नाही. नळी तीन केसेसमध्येच मऊ पडली असेल. जाळी ओली झाली असेल. माझा पाय घाईनं गेला असेल. चार महिने झाले, एक बीळ बुजवलं की दुसरं. मशीनवर कापड टाकलं आणि खोलीला कुलूप लावून घरी आलो. किल्ली खिशात राहिली, मामूंना सकाळी धावत यावं लागणार.


१० नोव्हें.

हातानं करायचं. ठरलं. छोटा छेद, टाक्याविना, अख्खा मोतीबिंदू सरकवत बाहेर. कडक असला तर उलट तेच चांगलं. हे मला जुलैतही माहीत होतं. 

याडीला कसं सांगू हा दुसरा मोतीबिंदू. अख्खा तांडा मशीन ऐकायला येणार आहे.

सांगितलं नाही.


१२ नोव्हें.

झालं. संध्याकाळ, ओ.पी.डी. रिकामी.

याडी आली तिच्या आरशाच्या गोधडीसह. मामूंनी ती गुडघ्याखाली घातली, ती रुसली, तरी गप्प राहिली. बाहेर काका, दोन चुलतभाऊ, बाया. मी भूल दिली, झाकलं, डोळा उघडा ठेवला. सगळं तयार. आणि कापडाखालून तिचा आवाज.

"मशीन लावली का?"

खि. सि. माझ्याकडे बघताहेत.

"आवाज येत न्हाई मला."

तिचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. माझी याडी कुसळ काढताना ओरडली नव्हती असं सांगतात. पण तिचा श्वास वाढला आणि डोळा वर फिरायला लागला. असा डोळा कापता येत नाही. मामूंना मान हलवून खूण केली. मामूंनी मशीनवरचं कापड ओढलं, मशीनची सुई पाण्याच्या वाटीत सोडली आणि पेडल हातानं दाबलं. मशीन गुरगुरायला लागली.

"हां," ती म्हणाली. हात सैल झाला.

मशीन वाटीतलं पाणी पीत राहिली आणि मी हातानं केलं. बाटली तीच, टांगलेली तिथंच, पण आता ओढणारं कुणी नाही, फक्त उंची आणि माझी बोटं. बारीक नळीतून जेवढं पाणी लागेल तेवढंच आत सोडायचं, जेवढं निघेल तेवढं निघू द्यायचं. दाब डोळाच सांगत होता. कडेला जरा दाबलं की कळत होतं. तपकिरी भिंग हरभऱ्याएवढं, कडक, छेदाशी अडलं. थांबलो. परत फिरवलं. आलं. मागची कॅप्सूल अख्खी, स्वच्छ, तिच्यामागे लाल चमक. नवं भिंग बसलं.

मामू वाकून वाकून अवघडले होते. मधे मधे सूर चढवत उतरवत होते, ऑपरेशन अवघड आहे असं वाटावं म्हणून. हे मी सांगितलं नव्हतं.

बाहेर आलो. काका म्हणाले, किती वेळ चालली मशीन! मी फक्त मान हलवली. कालपर्यंत इंजिनियरच्या नावानं खडे फोडत होतो, आज माझी मशीन जिल्ह्यातली सगळ्यात दाबात चालणारी मशीन झाली, वाटीभर पाण्यावर.


१३ नोव्हें.

सकाळी पट्टी काढली. डोळ्याच्या पुढच्या काचेवर सूज आहे, कडक भिंगानं रगडलं होतं. पहिल्या दिवशी असतेच. किती उतरेल ते आठवड्यानं कळेल.

"काय दिसतं?"

"धुकं." मान तिरपी केली. मग, "धुक्यात तू हायस. सदरा निळा."

निळाच होता. सु. दारात उभी होती, ती आत वळली.

थेंब टाकायला बसलो. खोलीत आम्ही दोघंच. याडी हळूच म्हणाली, "मशीन कडंला बोलत व्हती. तुझा हात हिकडं चालत व्हता."

मी थेंब टाकत राहिलो.

"मनगट माझ्या गालावर व्हतं तुझं. टाका घालतानी हात जसा थांबतो ना, तसं थांबत व्हतं. मशीन थांबत न्हाई. पन्नास वर्सं आरसे लावले मी, मला काय कळत न्हाई?"

म्हटलं, मशीन अजून बराबर नाही गं. दाब राहत नाही. तुझा एकच डोळा.

"मंग म्हनायचं की तसं. मी काय भीत व्हते?" थोडं थांबून, "भीत व्हते." मग उशीवर डोकं टेकवून, "तांड्यात मी मशीननंच केलं म्हनून सांगनार हाय. काल सांगितलंबी. तू गप ऱ्हा."

दुपारी काकांचा फोन. सोमवारी जीप येतेय. स्वतः काका, याडीची धाकटी बहीण आणि आणखी तिघं, सगळे कडक, सगळ्यांना मशीनच हवी, याडीसारखी. हातानं नको, असं काकांनी दोनदा सांगितलं.

मावशीचाही एकच डोळा चांगला आहे.

याडीला विचारलं, आता यांना काय सांगू? ती उशीवरून म्हणाली, ती मशीन कधी नीट होनार ते सांग आधी. मी म्हटलं, माहीत नाही.

पुण्याला फोन लावला. नळी शिल्लक असेल तर बघतो म्हणाले. माशांचा पंप धुवून ठेवायला सांगितलाय. मामू विचारत होते, सोमवारी वाटी लागेल का.